‘रिकामे’ पिंप : एका अल्डिहाइडचा आणि त्याच्या मराठी इशाऱ्यांचा इतिहास

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने एका रासायनिक द्रवाच्या इतिहासावर लिहावे, हे या पत्रिकेच्या कित्येक वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या प्रसंगामुळे हा विषय हाती घेतला, तो प्रसंग मुळात शब्दांचाच होता. काही वर्षांपूर्वी कामगारांच्या बोलीतील यंत्रविषयक शब्द टिपून घेण्याच्या निमित्ताने भोसरीच्या एका लहान कारखान्यात जाणे झाले. फाटकाच्या आत, भिंतीलगत लोखंडी पिंपांची उतरंड रचलेली होती व प्रत्येक पिंपावर खडूने ‘खाली’ असे लिहिलेले होते. शेजारीच ‘ज्वालाग्राही पदार्थ. धूम्रपान करू नये’ अशी ठळक पाटी होती. त्या पाटीखाली, त्यांतीलच एका आडव्या पिंपावर बसून एक मध्यमवयीन गृहस्थ विडी ओढीत होते. पाटीकडे बोट दाखविताच ते शांतपणे म्हणाले, “ती आतल्या मालासाठी हाय. हे तर रिकामे हायेत.”

या उत्तरात बेपर्वाई नव्हती. पाटी त्यांनी वाचली होती, तिचा अर्थ त्यांस कळला होता आणि त्या अर्थाप्रमाणेच ते वागत होते. पिंपांवरच्या अर्धवट फाटलेल्या चिठ्ठीत एक तांबडा चौकट, ज्वालेचे चित्र आणि १०८९ हा अंक एवढेच शिल्लक होते. हा अंक कशाचा, हे शोधू गेल्यावर जी माहिती हाती आली, तीच येथे मांडावयाची आहे.

धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने १९५६ साली आपल्या शिफारशी प्रथम प्रसिद्ध केल्या. पुढे त्यांतून प्रत्येक पदार्थाला चार आकड्यांचा क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. १०८९ हा क्रमांक ॲसिटाल्डिहाइडचा होय. ज्वालाग्राही द्रवांच्या तिसऱ्या वर्गात तो मोडतो आणि त्या वर्गातही सर्वांत अधिक धोक्याच्या गटात त्याची गणना होते.

या द्रवाचा शोध कोणा एकाच्या नावावर घालता येत नाही. १७७४ साली शेले या स्वीडिश रसायनज्ञाने मद्यार्कावर मँगनीज डायऑक्साइड व गंधकाम्ल यांची क्रिया केली, तेव्हा त्यास एक उग्र वास आला. परंतु तो कशाचा, हे तो सांगू शकला नाही. फ्रान्समध्ये फूर्क्रुवा व व्होक्लँ, जर्मनीत डोबेरायनर यांनी त्याचा माग काढला. अखेर १८३५ साली लीबिग याने त्याचे घटक निश्चित केले आणि त्यास नाव दिले. मद्यार्काच्या रेणूतून हायड्रोजनचे दोन अणू काढून घेतले म्हणजे हा पदार्थ मिळतो. म्हणून ‘हायड्रोजन काढून घेतलेला आल्कोहोल’ या अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगाची आद्याक्षरे जोडून त्याने ‘अल्डिहाइड’ हा शब्द घडविला. या एका शब्दात तीन भाषा नांदतात. आरंभीचे ‘अल्’ हे अरबी उपपद. ‘अल्-कुह्ल’ म्हणजे डोळ्यांत घालावयाचा सुरमा, व त्याच्या सूक्ष्म चूर्णावरून पुढे ऊर्ध्वपातनाने काढलेल्या अर्कास ते नाव मिळाले. मधला ‘दे’ हा लॅटिनचा वियोगवाचक उपसर्ग. शेवटचा अंश ग्रीकांच्या पाणीवाचक शब्दाचा. प्रारंभी हे विशेषनाम होते; त्याच्या वर्गातील इतर पदार्थ सापडू लागले तेव्हा ते सामान्यनाम झाले आणि मूळ पदार्थाला ओळखीसाठी व्हिनेगरवाचक लॅटिन शब्दाचे ‘ॲसिट’ हे उपपद लावून घ्यावे लागले. आपले नाव जातीला देऊन टाकून स्वतः उपनाम धारण करण्याची ही पाळी शब्दांवर पुष्कळदा येते.

मराठीने हा शब्द जसाच्या तसा घेतला. तसे होणे अपरिहार्य होते असे नव्हे. नागपुरात राहून डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून जी परिभाषा रचली, तीत ऑक्सिजनला ‘जारक’, हायड्रोजनला ‘उदजन’ व कार्बनला ‘प्रांगार’ अशी नावे होती. त्या सरणीने गेल्यास अल्डिहाइडाचेही ‘उदजनहीन मद्यार्क’ अशा अर्थाचे एखादे आटोपशीर रूप आज आपल्या पाठ्यपुस्तकांत दिसले असते. १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने संयुगांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवण्याचे धोरण स्वीकारले आणि मराठी विश्वकोशानेही तोच मार्ग धरला. प्रस्तुत लेखकास हे धोरण योग्य वाटते. नाव हे ओळखण्यासाठी असते. पिंपावरचे, चिठ्ठीवरचे व डॉक्टरच्या पुस्तकातले नाव एकच असणे, हे अशा पदार्थांच्या बाबतीत प्राणरक्षक ठरते. मराठीकरणाची खरी गरज आहे ती नावात नव्हे, तर इशाऱ्यात.

इशारा कशाचा द्यावयाचा, हे समजण्यासाठी या द्रवाचा स्वभाव पाहिला पाहिजे. ॲसिटाल्डिहाइड २०.२ अंश सेल्सिअसला उकळते. पुण्याच्या माघातील पहाटेस ते द्रवरूपात राहील. त्याच दिवशी दुपारी उघड्या भांड्यात ते उकळू लागेल. चैत्र-वैशाखाची गोष्टच बोलावयास नको. ठिणगी मिळताच ज्या तापमानास द्रवावरील बाष्प क्षणभर पेटते, ते तापमान येथे शून्याखाली ३८ अंशांच्या आसपास आहे; म्हणजे महाराष्ट्रात कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी, हा द्रव पेटण्यास सिद्धच असतो. याहून चिंताजनक गोष्ट अशी की, त्याला ठिणगीची किंवा ज्योतीचीही गरज नसते. सुमारे १७५ अंशांपर्यंत तापलेला नुसता पृष्ठभाग त्याच्या बाष्पास पेटवू शकतो. कागद आपोआप पेटण्यास २३० अंशांच्या आसपास उष्णता लागते, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. कारखान्यातील उच्च दाबाच्या वाफेची उघडी नळी, जिच्याजवळ कामगार निर्धास्तपणे हात शेकतात, तीच येथे काडीचे काम करते.

दुसरा आकडा याहूनही महत्त्वाचा आहे. पेट्रोलचे बाष्प हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ते मिश्रण पेटते. त्याहून अधिक झाले तर हवा अपुरी पडते व भडका उडत नाही. ॲसिटाल्डिहाइडच्या बाबतीत ही मर्यादा ४ टक्क्यांपासून ६० टक्क्यांपर्यंत पसरलेली आहे. साठवणीची टाकी थंड ठेवली म्हणजे भय संपले, असे सामान्यतः वाटते. परंतु शून्य अंशाला थंड केलेल्या या द्रवावरील बाष्पाचे प्रमाणही चाळीस टक्क्यांहून अधिक भरते. म्हणजे आत हवा असेल तर थंड टाकीतील मिश्रणही स्फोटमर्यादेच्या ऐन मध्यावर असते. म्हणूनच टाकीतील मोकळी जागा हवेने नव्हे, तर नायट्रोजनने भरून ठेवावी लागते. थंडावा व नायट्रोजन या दोहोंपैकी एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही. हवा बाहेर ठेवण्यास आणखीही एक कारण आहे. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यात हळूहळू पेरॉक्साइडे तयार होतात व ती स्वतःच स्फोटक असतात.

या द्रवाचे बाष्प हवेच्या दीडपट जड असते. ते वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटते, गटारात उतरते, दूर कोठे तरी ज्योत भेटली की पेटते आणि ज्वाला उलट पावली मूळ भांड्यापर्यंत येते. आम्लाचा लेशही त्यात पडला तर त्याचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन पॅराल्डिहाइड बनू लागते व त्या क्रियेत एवढी उष्णता निघते की बंद भांडे फुटावे. अल्कलीनेही असाच, पण निराळ्या वाटेने, अनर्थ होतो. त्यामुळे पूर्वी आम्ल वा कॉस्टिक भरलेल्या पिंपात हा द्रव भरणे म्हणजे स्वतः होऊन संकट बोलावणे होय. एका पिंपातून दुसऱ्यात ओतताना द्रवाच्या घर्षणाने स्थिर विद्युत साठते. म्हणून दोन्ही पिंपे तारेने एकमेकांस व जमिनीस जोडावी लागतात. ही तार कामगारांच्या बोलीत ‘अर्थिंगचा चिमटा’ म्हणून ओळखली जाते. आग लागलीच तर साधा फेस उपयोगी पडत नाही, कारण पाण्यात पूर्णपणे मिसळणारा हा द्रव त्या फेसातील पाणी शोषून घेऊन तो मोडून टाकतो. मद्यार्काला टिकणारा वेगळा फेस लागतो. पाण्याच्या फवाऱ्याने शेजारची पिंपे थंड ठेवता येतात, आग मात्र क्वचितच विझते.

त्याचा वास हवेत थोडा असता सफरचंदासारखा व अधिक असता नाकाडोळ्यांस झोंबणारा येतो. मराठीत ‘वास येतो’ म्हटले की संशय येतो आणि ‘सुवास’ म्हटले की तो फिटतो. सुवासिक विषाला आपल्या व्यवहारभाषेत नाव नाही. ॲसिटाल्डिहाइड हे मनुष्यात कर्करोग उत्पन्न करण्याचा संभव असलेल्या पदार्थांत आंतरराष्ट्रीय संस्थेने घातले आहे, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

हा पदार्थ महाराष्ट्रात आला तो उसाच्या मागोमाग. पाश्चात्य देशांत तो प्रथम ॲसिटिलीनपासून, पाऱ्याच्या क्षारांच्या साहाय्याने केला जाई. १८८१ साली कुचेरोव्ह याने ती क्रिया दाखवून दिली होती. जपानमधील मिनामाता येथे याच पद्धतीच्या कारखान्यातून समुद्रात गेलेल्या पाऱ्याने कोळी कुटुंबांचा जो संहार केला, त्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ सालच्या मे महिन्यात झाली व ती उत्पादनपद्धती तेथे १९६८ मध्ये बंद झाली. पुढे खनिज तेलातील एथिलीनपासून तो करण्याची रीत १९६० च्या सुमारास जर्मनीत सिद्ध झाली. आपल्याकडे यांपैकी काहीच मुबलक नव्हते. होती ती मळी. साखर कारखान्यांची मळी आंबवून मद्यार्क, आणि मद्यार्काचे बाष्प हवेबरोबर तापलेल्या रुप्याच्या उत्प्रेरकावरून नेऊन ॲसिटाल्डिहाइड, असा हा सरळ मार्ग होय. कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी, नीरेकाठचे निंबूत आणि अलीकडच्या काळात महाड ही या धंद्याची महाराष्ट्रातील ठळक ठिकाणे. लीबिगने नावात जे सांगितले, तेच साकरवाडीच्या भट्टीत रोज घडत आले.

पिंपरी-चिंचवडशी या द्रवाचे नाते मुख्यतः त्याच्या वंशजांमार्फत जडले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. आंबवणाच्या पाण्यातून पेनिसिलिन वेगळे काढण्यासाठी ब्यूटाइल ॲसिटेटसारखा द्रावक वापरण्याची पद्धत आहे. या द्रावकाचे दोन्ही घटक, म्हणजे ॲसेटिक आम्ल व ब्यूटाइल मद्यार्क, ॲसिटाल्डिहाइडपासून करता येतात. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील माळरानांवर वाहनांचे व सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात हीच लाट इंद्रायणी ओलांडून चाकणच्या पठारावर पसरली. मोटारींस रंग लागतो. रंगास पातळ करणारे एथिल ॲसिटेट लागते, आणि काही रंगांच्या राळेस पेंटाएरिथ्रिटॉल लागते, जे ॲसिटाल्डिहाइड व फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगाने बनते. ओतशाळांतील वाळूचे साचे ज्या राळेने बांधतात, तिच्यातही अल्डिहाइडांचेच कूळ असते. सारांश, या पट्ट्यातील कामगाराने अल्डिहाइड हा शब्द ऐकला नसला तरी त्याच्या नात्यागोत्यातला कोणी ना कोणी त्याच्या हाताखालून रोज जातो. तो त्या सर्वांस तीनच नावांनी ओळखतो : ‘केमिकल’, ‘थिनर’ आणि ‘ॲसिड’. जे पातळ करते ते थिनर, जे भाजते ते ॲसिड, उरले ते केमिकल. हे वर्गीकरण अडाणीपणाचे म्हणून हसण्याजोगे नाही. कामाच्या दृष्टीने ते पुरेसे आहे. अपघाताच्या दृष्टीने मात्र नाही, कारण थिनरमध्ये जळणाऱ्या गोष्टींच्या सर्व पायऱ्या एकाच शब्दात बुडून जातात.

आता पाटीवरच्या शब्दाकडे वळू. इंग्रजीत या अर्थाचा जो जुना शब्द होता, त्याच्या आरंभीचा ‘इन्’ हा उपसर्ग लॅटिनमध्ये ‘आत, पूर्णपणे’ अशा अर्थाचा. पण सामान्य वाचकास तो नकारार्थी वाटून ‘न पेटणारे’ असा उलटा बोध होऊ लागला. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील अग्निसंरक्षकांनी तो उपसर्ग गाळण्याचा आग्रह धरला. मराठीतील ‘ज्वालाग्राही’ या शब्दास तो दोष नाही. ज्वालेस ग्रहण करणारे, अशी त्याची फोड स्वच्छ आहे, आणि हिंदीतून शिरलेल्या ‘ज्वलनशील’ पेक्षा तो अधिक नेमका आहे. कारण जळण्याचे शील लाकडाचेही असते. त्याचे वैगुण्य वेगळे आहे. तो पाटीवर आहे, जिभेवर नाही. मराठी माणूस आगीविषयी बोलताना जळणे, पेटणे, पेट घेणे, भडकणे, धुमसणे, होरपळणे अशी क्रियापदे सूक्ष्म भेदाने वापरतो. शेणी धुमसते, काटकी पेटते, रॉकेल भडकते. या भेदांत तापमानाचे व वेगाचे जे ज्ञान साठले आहे, त्यातील एकही कण ‘ज्वालाग्राही’ या विशेषणात उतरलेला नाही. पाठ्यपुस्तकांतून ‘प्रज्वलनांक’, ‘ज्वलनांक’, ‘स्वयंज्वलन तापमान’ असे शब्द येतात. पहिल्या दोहोंची सरमिसळ शिकलेले लोकही करतात. ‘ठिणगीने भडकते’ आणि ‘नुसत्या तापल्या नळीने भडकते’ ही दोन साधी वाक्ये त्यांहून अधिक सांगून जातात.

कायद्याने भाषेची दखल घेतली नाही असे नव्हे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमात सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, असे म्हटले होते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोक्यांची माहिती कामगारांस देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ च्या नियमांनी पिंपावरील चिठ्ठी व पदार्थाचे माहितीपत्रक यांचे स्वरूप ठरविले, आणि त्याच वर्षीच्या मोटार वाहन नियमांनी असा माल नेणाऱ्या चालकास एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे अशी अट घातली. कारखाने अधिनियमाची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. परंतु ‘बहुसंख्य कामगारांस समजणारी भाषा’ या शब्दप्रयोगाने जो प्रश्न निर्माण केला, तो शिल्लकच आहे. १९६० च्या सुमारास हा पट्टा वसत होता तेव्हा ती भाषा निःसंशय मराठी होती. आज चाकणच्या एखाद्या शेडमध्ये एकाच पाळीत मराठी, हिंदी, ओडिया, बंगाली व कन्नड ऐकू येतात आणि कंत्राट बदलले की बहुसंख्याही बदलते.

याच अधिनियमाचे ३७ वे कलम मात्र भाषाभ्यासकाने मुद्दाम वाचावे असे होते. ज्या टाकीत वा भांड्यात स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थ ‘आहे किंवा होता’, तिच्यावर तो पदार्थ व त्याचे बाष्प काढून टाकल्याखेरीज अथवा निरुपद्रवी केल्याखेरीज झाळकाम, जोडकाम वा उष्णतेने कापण्याचे काम करू नये, अशी त्यात आज्ञा होती. ‘आहे किंवा होता’ : या दोन क्रियारूपांतील दुसऱ्यावर सारा जीव आहे. कारण भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप अधिक घातक असते. भरलेल्या पिंपात हवेला जागा नसते. रिकाम्यात तळाशी राहिलेला पेलाभर द्रव सगळी पोकळी बाष्पाने भारून टाकतो, आणि चारपासून साठ टक्क्यांपर्यंत कोणतेही प्रमाण चालणाऱ्या या पदार्थास तेथे हवी ती हवा मिळते.

हे तत्त्व भाषेच्या अंगाने प्रथम मांडणारा मनुष्य योगायोगाने आगीच्या विम्याचा अधिकारी होता. बेंजामिन ली व्होर्फ याने मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली, १९१९ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४१ पर्यंत, हार्टफर्डच्या विमा कंपनीत आगी रोखण्याचे काम केले आणि फावल्या वेळात होपी भाषेचा अभ्यास केला. १९३९ साली लिहिलेल्या त्याच्या प्रसिद्ध निबंधात होपीच्या काळकल्पनेच्या आधी येतात ती पेट्रोलची ‘रिकामी’ पिंपे. पिंपे भरलेली असताना लोक जपून वागतात. ‘रिकामी’ म्हटली की त्यांच्याजवळ विडीकाडी होते, कारण रिकामे या शब्दाचा एक अर्थ ‘आत काही नसलेले’ व दुसरा ‘निष्प्रभ, निर्जीव’ असा होतो, आणि मन पहिल्यावरून दुसऱ्यावर नकळत घसरते. त्याच निबंधात लाकडाचे ऊर्ध्वपातन करणाऱ्या कारखान्यातील चुनखडीच्या वेष्टनाचे उदाहरण आहे. चुनखडी हा दगडच, तो काय जळणार, या विश्वासाने त्याला ज्वालेपासून जपले नाही. ॲसेटिक आम्लाच्या वाफांनी त्याचे कॅल्शियम ॲसिटेट बनले होते, आणि उष्णतेने त्यातून ज्वालाग्राही ॲसिटोन निघून ते ‘दगडी’ वेष्टन धडाडून पेटले. व्होर्फच्या व्यापक सिद्धान्ताविषयी भाषाशास्त्रात पुष्कळ वाद झाला आहे आणि होपीविषयीची त्याची काही विधाने टिकलेली नाहीत. पिंपाविषयीचे निरीक्षण मात्र, निदान भोसरीत तरी, अबाधित आहे.

मराठीत तर हा घसरडेपणा अधिकच आहे. ‘रिकामा’ म्हणजे काही नसलेला, तसाच काम नसलेला, निरुद्योगी. ‘मोकळा’ म्हणजे बंधनातून सुटलेला. ‘मोकळा ड्रम’ म्हणताना भीतीतून सुटल्याचा भाव आपोआप येतो. हिंदीतून आलेला ‘खाली’ मराठी कानाला ‘तळाशी’ असाही ऐकू येतो, आणि बाष्प खरोखरच खालीच बसलेले असते, हा त्यातला विनोद म्हणावयाचा तर कडू आहे. स्वतः ‘पीप’, ‘पिंप’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. (पिंपरी या ग्रामनामाशी त्याचा संबंध नाही, ते वृक्षावरून पडलेले आहे.) त्यात पाणीही भरतात, लग्नघरी सरबतही करतात. घरगुती शब्दाने वस्तूला घरगुतीपण येते, आणि वापरलेली पिंपे खरोखरीच घरोघरी पाण्यासाठी विकत घेतली जातात.

शब्दाने वस्तूचा धोका झाकला जातो याचे दाखले या पट्ट्यात अल्डिहाइडाबाहेरही मिळतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे एका शेडमध्ये आग लागून सहा स्त्रिया जागीच मृत्युमुखी पडल्या व पुढे मृतांची संख्या वाढत गेली. तेथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या ठिणग्या उडविणाऱ्या नळ्या तयार होत. वृत्तपत्रांनी त्यास ‘मेणबत्तीचा कारखाना’ म्हटले, कारण बाजारातही त्या वस्तूचे नाव मेणबत्तीच आहे. नावाने ती देवघरात बसते. गुणाने ती शोभेच्या दारूच्या जातीची. चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामे वर्षानुवर्षे होती व तेथील आगींच्या बातम्या वारंवार येत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील अनधिकृत बांधकामे पाडली. भंगार या शब्दाचाही अर्थ ‘ज्याचे आयुष्य संपले ते’ असाच होतो. कापणाऱ्याच्या गॅसज्योतीखाली आलेले पिंप त्या अर्थास मान देत नाही.

तेव्हा ‘होता’ हा भूतकाळ अंगात वागविणारे एखादे विशेषण मराठीत आहे काय, असा प्रश्न लेखकाच्या मनात बरेच दिवस होता. उत्तर कोशात सापडले नाही. त्याच भोसरीच्या कारखान्यात, पुढच्या एका भेटीत, मूळच्या खेड तालुक्यातील एका जुन्या कामगारांच्या तोंडून ते मिळाले. नव्या पोराने पिंपाजवळ ग्राइंडर लावलेला पाहून ते ओरडले, “अरं, उष्टा हाय त्यो ! धुतलाय का आधी ?” वापरून न धुतलेल्या पिंपास ते नेहमी उष्टे म्हणत. हा शब्द त्यांना कोणी शिकविला नव्हता. ताटातले अन्न संपले तरी ताट उष्टेच राहते, आणि धुतल्याशिवाय ते उष्टेपण जात नाही; कायद्याच्या ३७ व्या कलमास दोन क्रियारूपे लागली, ते येथे दोन अक्षरांत साधले आहे. शिवाय हिंदीत ‘जूठा’, बंगालीत ‘एँटो’, ओडियात ‘अइंठा’, कन्नडमध्ये ‘एंजलु’ असे या कल्पनेचे शब्द तयार आहेत. पाळीतील प्रत्येकाच्या घरी ही कल्पना आईने लहानपणीच शिकविलेली असते.

या शब्दास एक अडचण आहे व ती लपविणे योग्य नव्हे. उष्टे हा शब्द आपल्या समाजात केवळ ताटापुरता राहिलेला नाही. ज्यांच्या पदरात पिढ्यान्‌पिढ्या उष्टे टाकले गेले, त्यांना तो शब्द पाटीवर रंगविलेला पाहून काय वाटेल, हे विचारावे लागते. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या १९९७ सालच्या आत्मकथनाचे नावच ‘जूठन’ आहे. कारखान्यात ही सूचना मांडली तेव्हा एका तरुण पर्यवेक्षकाने हाच आक्षेप घेतला, आणि तो आक्षेप साधार होता. ज्यांच्या तोंडून तो शब्द आला, त्या जुन्या कामगारांचे म्हणणे निराळे पडले : शब्द माणसास लावला तर शिवी, पिंपास लावला तर खबरदारी.

वाद मिटला नाही. पण उतरंडीची जागा फाटकापासून हलवून वाफेच्या नळीपासून दूर, उघड्यावर सावलीत नेण्यात आली. पिंपांची झाकणे घट्ट बसविण्याचा व कापण्यापूर्वी ती पाण्याने काठोकाठ भरून उपडी करण्याचा नियम झाला. खडूने ‘खाली’ लिहिणे बंद झाले. त्या जागी आता तांबड्या रंगात ‘धुतले नाही’ आणि धुऊन झाल्यावर हिरव्या रंगात ‘धुतले’ असे लिहितात व खाली तारीख घालतात. जुने कामगार मात्र बोलताना अजून उष्टेच म्हणतात.